बागेला आपोआप पाणी : चालू करणं सोपं, बंद होण्याची खात्री विका



घरचा हवामान डॅशबोर्ड आणि बागेचं ऑटोमेशन यावरच्या व्हिडिओत जोडणी कशी करायची ते दाखवलं आहे. पण आकडे, नियम आणि धंद्याचा हिशेब व्हिडिओत नीट बसत नाही, म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊनच वाचा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो : "ताई, गच्चीवरच्या बागेला आपोआप पाणी देणारी सिस्टीम बसवून द्यायचं काम सुरू केलं तर चालेल का?" चालेल. पण ग्राहक तुमच्याकडून नेमकं काय विकत घेतो, हे आधी समजून घेऊ.

ग्राहकाला दोन भीती असतात

समजा एका कुटुंबाच्या गच्चीवर ४० कुंड्या आहेत. मे महिन्यात ते दहा दिवस गावाला जाणार. पहिली भीती : झाडं वाळली तर? दुसरी भीती : पाणी चालूच राहिलं तर? पहिल्यात फार तर काही झाडं जातात. दुसऱ्यात नळी निसटून हजार लिटरची टाकी रिकामी होते, पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या शेजाऱ्याच्या छताचा रंग सुटतो. मग फोन तुम्हाला येतो, आणि तो फोन तुमच्या नफ्यापेक्षा महाग पडतो.

रिले चालू करून मोटर फिरवणं कुणालाही एका संध्याकाळी जमतं. वीज गेली, वाय-फाय गेलं, सेन्सर खोटं बोलू लागला, सर्व्हर बंद पडला, तरीही पाणी ठरलेल्या मापातच जाईल, ही खात्री देणं हे खरं काम. ग्राहक पैसे या खात्रीचे देतो. पुढचं सगळं डिझाईन याच एका गोष्टीभोवती आहे.

आपल्या गच्चीचं हवामान आपणच का मोजायचं?

"मोबाईलवर हवामान दिसतं की!" दिसतं, पण ते शहराचं. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. हे टोकाचं उदाहरण झालं, पण नियम रोजचाच आहे. पाऊस एका पेठेत पडतो आणि दुसरी कोरडी राहते. त्यात गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला, कठड्याच्या एका बाजूला वारा, दुसऱ्या बाजूला सावली.

म्हणून दोन कामं वेगळी ठेवायची. काय झालं, हे आपल्या सेन्सरने सांगायचं. काय होईल, हे बाहेरच्या अंदाजाने. पुढे नियम लिहिताना हा फरक कामाला येतो.

'सेल्फ-होस्टेड' म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, आपली वही आपल्या कपाटात. बाजारातली बरीच उपकरणं तुमच्या बागेची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि तिथून हुकूम परत येतो. इंटरनेट गेलं की हुकूम नाही. कंपनीने सेवा बंद केली तर उपकरण म्हणजे नुसता डबा.

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. डार्क स्काय नावाची हवामान सेवा जगभरातले डेव्हलपर वापरत होते. ॲपलने ती २०२० मध्ये विकत घेतली आणि ३१ मार्च २०२३ पासून इतरांना मिळणारा तिचा डेटा बंद झाला. तिच्यावर उभी असलेली ॲप्स दुसरीकडे हलवावी लागली. तुमच्या पंचवीस ग्राहकांच्या बागा अशा एका धाग्यावर टांगायच्या का, हा विचार पहिल्याच दिवशी करा.

आपल्या व्यवस्थेत चार थर आहेत :

१. सेन्सर : तापमान, आर्द्रता, पाऊस, मातीची ओल मोजणारे.
२. ईएसपी३२ : वाय-फाय असलेली छोटी चिप. सेन्सर वाचते, मोटरचा रिले चालवते. तिच्यात प्रोग्रॅम भरायला ईएसपीहोम वापरायचं. नियम साध्या मजकुरात लिहिले की बाकी काम ते करतं.
३. सर्व्हर : घरातल्या रास्पबेरी पायवर होम असिस्टंट. हे मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून वाढत आलं आहे. नोंदी ठेवणं, आलेख काढणं, नियम चालवणं ही त्याची कामं.
४. डॅशबोर्ड : तेच सगळं मोबाईलवर किंवा भिंतीवरच्या जुन्या टॅबवर दिसणारं पान.

सर्व्हर म्हणून कपाटातला जुना डेस्कटॉप वापरावासा वाटतो. आधी विजेचा हिशेब करा. रास्पबेरी पाय साधारण ५ वॉट धरला तर महिन्याला ३.६ युनिट. डेस्कटॉप ६० वॉट धरला तर महिन्याला ४३ युनिट. त्यापेक्षा जुना लॅपटॉप बरा. त्याला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस फुकट.

आणखी एक गोष्ट. होम असिस्टंट तपशीलवार नोंदी मुळात १० दिवसच ठेवतं, त्यानंतर तापमानासारख्या आकड्यांची तासाभराची सरासरी उरते. वर्षभराची तुलना करायला तेवढी पुरते. पण सतत लिहिण्याने मेमरी कार्ड लवकर खराब होतं, तेव्हा ग्राहकाकडे एसएसडीच लावा.

सेन्सर : काय घ्यायचं, कुठे लावायचं

तापमान-आर्द्रतेसाठी बॉशचा बीएमई२८०. खरेदी करताना नीट बघा. बीएमपी२८० हा त्याचा भाऊ हुबेहूब तसाच दिसतो, पण आर्द्रता मोजत नाही, आणि बाजारात तो 'बीएमई' म्हणून सर्रास खपवला जातो. घरी येताच जोडून बघा. चिपचा ओळख क्रमांक हेक्समध्ये ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी.

सेन्सर उन्हात टांगला तर तो हवेऐवजी स्वतःच्या डब्याचं तापमान सांगेल. हवामान केंद्रात पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवतात, त्याला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. आपणही पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उलट्या एकावर एक, मध्ये फट ठेवून लावायच्या आणि सेन्सर आत बसवायचा. उंची सव्वा ते दोन मीटर. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि तापलेल्या भिंतीपासून लांब.

पावसासाठी झुलत्या वाटीचं पर्जन्यमापक. ठरावीक पाणी साठलं की वाटी कलंडते आणि चिप एक मोजते. ते तपासायची युक्ती सोपी आहे. वरच्या नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० मिलिलिटर पाणी. सिरिंजने १०० मिलिलिटर पाणी हळूहळू सोडा. डॅशबोर्डवर १० मिलिमीटर दिसायला हवेत. ८ दिसले तर गुणक बदला.

आणि हे वहीत मोठ्या अक्षरात लिहा : १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. अख्खा हिशेब या एका ओळीवर चालतो.

भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजतो. डॅशबोर्डवर एक आकडा त्याच वेळेप्रमाणे ठेवा, म्हणजे जवळच्या केंद्राशी तुलना करता येते. नाहीतर रात्रीच्या पावसाची तारीख बदलते आणि ग्राहक विचारतो, "तुमचं मशीन चुकतंय का?"

मातीच्या ओलीसाठी कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. दोन उघड्या धातूच्या पायांचा स्वस्त सेन्सर मातीत गंजतो आणि त्याचे आकडे हळूहळू सरकत जातात. कपॅसिटिव्हच्या वरच्या भागावर इलेक्ट्रॉनिक्स उघडं असतं, त्यावर नेलपॉलिश किंवा इपॉक्सीचा थर द्या. प्रत्येक सेन्सरचं कोरड्या मातीतलं आणि भिजवून निथळलेल्या मातीतलं वाचन वेगळं लिहून ठेवा. कोकोपीटची कुंडी आणि लाल मातीची कुंडी यांचे आकडे एका मापाने वाचता येत नाहीत.

जोडणीत एक खाच आहे. ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना काही पिना ॲनालॉग वाचन देत नाहीत. ओलीचा सेन्सर ३२ ते ३५, ३६ किंवा ३९ या पिनांवरच लावा. सगळं जोडलं, तरी आकडा येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी पिन बघा.

पाणी किती? बादलीचा हिशेब

१२ इंची कुंडी म्हणजे तोंड साधारण ३० सेंटिमीटर. क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर. उन्हाळ्यात बाष्पीभवन आणि झाडाचं पिणं मिळून दिवसाला ६ मिलिमीटर धरू. ०.०७ गुणिले ६ म्हणजे ०.४२ लिटर. ताशी २ लिटरच्या ड्रिपरला एवढं पाणी द्यायला साधारण १३ मिनिटं लागतात.

४० कुंड्यांना मिळून १७ लिटर, म्हणजे मोठी बादली. दहा दिवसांना १७० लिटर. ग्राहकाला मिलिमीटर सांगू नका, बादली सांगा. त्याला लगेच कळतं.

हा सुरुवातीचा आकडा आहे. पानांचा पसारा कुंडीच्या बाहेर गेला असेल तर पसाऱ्याचं क्षेत्रफळ धरा. निवडुंग आणि मोगरा एका नळीवर ठेवू नका. पहिले दोन आठवडे बोट मातीत घालून खात्री करा, मग मिनिटं कमी-जास्त करा.

ड्रम, मोटर आणि नळी

अनेक जण वरच्या टाकीतून नळी काढून १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावतात. तिथे अडतं ते दाबावर. पाण्याच्या १ मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सोलेनॉइड व्हॉल्व्हना किमान ०.२ बार लागतो, म्हणजे २ मीटर उंची. गच्चीवरची टाकी आणि गच्चीवरच्या कुंड्या यांत एवढा फरक क्वचितच असतो. मग व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, किंवा बंद होताना ठिबकत राहतो.

मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह कमी दाबावर चालतो. पण वीज गेली की त्याचे साधे प्रकार आहेत त्या जागी थांबतात. उघडा असताना वीज गेली, तर उघडाच.

म्हणून माझी शिफारस : २०० लिटरचा वेगळा ड्रम, १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर, जाळीचा फिल्टर, १६ मिलिमीटरची लॅटरल आणि ताशी २ लिटरचे ड्रिपर. फवारणी पंपात असते तीच मोटर, शेती सेवा केंद्रात मिळते. वीज गेली की मोटर थांबते, विषय संपला.

ड्रम मुख्य टाकीला जोडायचा नाही, हे महत्त्वाचं. दहा दिवसांचं पाणी त्यात मावतं. सगळं बिघडलं, मोटर रात्रभर चालली, तरी २०० लिटरच्या वर एक थेंब जाणार नाही. सॉफ्टवेअर फसू शकतं, ड्रम फसत नाही. मोटर कोरडी पळू नये म्हणून तळाशी फ्लोट स्विच लावा. ड्रमला घट्ट झाकण हवं, नाहीतर बागेसोबत डासही पाळाल.

एक सापळा इथे आहे. ड्रममधली पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा वर असेल, तर मोटर बंद झाल्यावरही पाणी उताराने वाहत राहू शकतं. शक्य असेल तर ड्रम कुंड्यांपेक्षा खाली ठेवा. जमत नसेल तर नळी ड्रमच्या वर नेऊन सगळ्यात उंच जागी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवा. बसवून झाल्यावर मोटर बंद करून पंधरा मिनिटं ड्रिपरकडे बघत बसा. ठिबकणं थांबलं पाहिजे.

हुकूम देणारा एक, थांबवणारे सगळे

आता या लेखातला मुख्य नियम.

बहुतेक लोक सर्व्हरला मालक करतात. सर्व्हर म्हणाला की पाणी चालू, सर्व्हर म्हणाला की बंद. 'चालू' पोहोचलं आणि 'बंद' पोहोचायच्या आधी वाय-फाय गेलं, तर काय होईल याचा विचार कोणी करत नाही.

आपण उलट करायचं. रोजचं ठरलेलं पाणी चिपमध्येच लिहायचं : सकाळी ७ मिनिटं, संध्याकाळी ६ मिनिटं. वेळ कळण्यासाठी चिपला बटण सेलवालं घड्याळ जोडायचं, त्याला आरटीसी म्हणतात. वीज गेली तरी त्याची वेळ टिकते. सर्व्हरला एकच अधिकार : आजचं पाणी कमी कर, किंवा आज नको म्हण. तो ० ते १०० टक्क्यांमधला एक आकडा पाठवतो. चिप रात्री बाराला हा आकडा स्वतःच परत १०० करते.

परिणाम बघा. इंटरनेट गेलं, काही फरक नाही. सर्व्हर जळाला, झाडांना ठरलेलं पाणी मिळतंच. सर्व्हरला वेड लागलं, तरी तो जास्त पाणी सोडू शकत नाही. एका वेळी वीज नसली तर दिवसाचं अर्धंच पाणी चुकतं. तेही चुकू द्यायचं नसेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी जोडा.

यावर चार कुलपं लावा :

पहिलं कुलूप : मोटर कोणीही, कशीही चालू केली तरी चिप १० मिनिटांनी ती बंद करणार. हा नियम चिपमध्ये लिहायचा, सर्व्हरमध्ये नाही.

दुसरं कुलूप : वीज परत आल्यावर मोटर बंदच असली पाहिजे. ईएसपीहोममध्ये रिस्टोअर मोड 'ऑलवेज ऑफ' ठेवा. बरेच रिले बोर्ड उलट चालतात, म्हणजे पिन खाली गेली की रिले चालू. तेव्हा 'इन्व्हर्टेड' ची सेटिंग तपासा. प्लग दहा वेळा काढा-घाला आणि रिलेचा 'टक' आवाज ऐका. सुरू होताना एकदाही टक झालं तर पिन बदला.

तिसरं कुलूप : ड्रम.

चौथं कुलूप : हाताने बंद करायचा स्विच आणि नळीवरचा कॉक. दोन्हींवर मराठीत मोठं लिहा : 'पाणी इथे बंद करा'. शेजारच्या आजींनाही जमलं पाहिजे.

ईएसपीहोमची आणखी एक सवय माहीत हवी. होम असिस्टंटशी संपर्क तुटून १५ मिनिटं झाली की चिप स्वतःला रीस्टार्ट करते. मुळातली सेटिंगच तशी आहे. आपली चिप सर्व्हरशिवाय चालायची आहे, त्यामुळे ही मुदत शून्य करून ठेवा. नाहीतर सर्व्हर बंद असताना ती पाणी देता देता मध्येच रीस्टार्ट होईल.

सर्व्हरचे नियम : पडलेला पाऊस रोख, अंदाज उधार

नियम कमी ठेवा. माझे तीनच आहेत.

गेल्या २४ तासांत अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर दुर्लक्ष. हवामान विभागही 'पावसाचा दिवस' अडीच मिलिमीटरपासूनच मोजतो.

अडीच ते सहा मिलिमीटर असेल तर ५० टक्के. सहाच्या वर असेल तर शून्य, कारण आपण दिवसाची गरजच सहा धरली आहे.

चाचणीच्या कुंडीतली ओल 'भिजून निथळलेल्या' आकड्याच्या वर असेल तर शून्य, म्हणजे मुळं कुजणार नाहीत. ओलीचा सेन्सर पाणी थांबवू शकतो, वाढवू शकत नाही. तुटलेली वायर 'कोरडं कोरडं' ओरडत राहिली तरी नुकसान होत नाही. आणि वायर 'ओलं ओलं' म्हणत राहिली तर? तोच आकडा दोन दिवस जराही हलला नाही, तर सर्व्हरने त्या सेन्सरकडे दुर्लक्ष करून तुम्हाला मेसेज पाठवावा.

अंदाजावरून पाणी बंद करायचं नाही. जूनमध्ये 'आज पाऊस' असा अंदाज सलग आठवडाभर असतो आणि ढग नुसते बघून जातात. अंदाज डॅशबोर्डवर माणसाला बघायला ठेवा. दुकानदाराच्या भाषेत, पडलेला पाऊस रोख आणि अंदाज उधार. उधारीवर माल सोडायचा नसतो.

छपराखालच्या किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांवर पाऊस पडतच नाही. त्यांना वेगळी मोटर, वेगळे नियम.

अंदाज कुठून घेता, हेही बघा. ओपन-मेटिओ सेवा फुकट आहे, पण ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी. ग्राहकाकडून पैसे घेऊन वापरणार असाल तर त्यांची सशुल्क योजना बघा. होम असिस्टंट सुरुवातीला नॉर्वेच्या हवामान संस्थेचा अंदाज दाखवतं, तोही वापरता येतो. अटी वाचल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

बाहेरगावाहून डॅशबोर्ड बघायचा असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरा. आणि पासवर्ड ग्राहकाचा. लिफाफ्यात लिहून त्याच्या हातात द्या. चावी आपल्याकडे ठेवून ग्राहक टिकवणं हा धंदा नव्हे.

आता धंद्याचा हिशेब

आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातले भाव घालून पुन्हा करा.

सामान ९,५०० रुपये. दोन दिवसांची मजुरी २,४००. येणं-जाणं ४००. एक मोफत फेरी आणि एक खराब निघणारा भाग यासाठी राखीव १,२००. एकूण खर्च १३,५००. कोटेशन १७,५०० दिलं तर हातात ४,०००, म्हणजे विक्रीच्या जवळपास २३ टक्के.

राखीव १,२०० अनेक जण धरतच नाहीत. मग तिसऱ्या ग्राहकाकडची मोफत फेरी पहिल्या दोघांचा नफा खाते.

खरी कमाई देखभालीत आहे. क्षार असलेल्या पाण्याने ड्रिपर बंद होतात, फिल्टर तुंबतो, मुंग्या आणि पाली डब्यात शिरतात, उन्हाने नळी कडक होते. वर्षाला चार फेऱ्या ठरवा : होळीच्या आधी, पावसाच्या आधी, दसरा-दिवाळीच्या आधी आणि जानेवारीत. चार फेऱ्यांचा खर्च २,५०० धरला आणि ग्राहकाकडून ४,००० घेतले, तर एका ग्राहकामागे वर्षाला १,५०० राहतात. पंचवीस ग्राहकांचे ३७,५००. एवढ्यावर घर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. नर्सरी, प्लंबिंगचं दुकान किंवा खत-मातीची विक्री यांना जोडून केलं तर मात्र ही चांगली बाजू आहे. कारण वर्षातून चार वेळा तुम्ही ग्राहकाच्या बागेत उभे असता, आणि खत, कुंड्या, रोपं तिथेच विकली जातात.

ग्राहक एकाच भागातले घ्या. पंचवीस ग्राहक एका उपनगरात असतील तर धंदा, शहरभर पसरले असतील तर नुसता पेट्रोलचा खर्च.

काम घेण्याआधी तीन गोष्टी करा. गच्ची सोसायटीची असेल तर लेखी परवानगी. खालच्या मजल्याच्या छताचे फोटो, तारखेसह. आधीच ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग आपण. आणि २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. बागेत फक्त १२ व्होल्ट जाईल. डब्यात वायर खालून घ्या, म्हणजे पाणी वायरवरून आत ओघळत नाही.

या महिन्याचा गृहपाठ

ग्राहक शोधायला अजून निघू नका. आधी २१ दिवस फक्त मोजा. स्वतःच्या गच्चीवर किंवा खिडकीत सेन्सर लावा, झारीने पाणी घाला आणि किती घातलं ते वहीत लिहा. २१ दिवसांनी तुमच्या हातात तुमच्या गावाचा, तुमच्या हाताने मोजलेला आकडा असेल. कोटेशन देताना तो समोर ठेवा. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

मग मोटर जोडा आणि या पाच चाचण्या घ्या :

१. पाणी चालू असताना प्लग काढा, परत लावा. मोटर बंद राहिली का?
२. पाणी चालू असताना राउटर बंद करा. १० मिनिटांत मोटर थांबली का?
३. सर्व्हर दोन दिवस बंद ठेवा. दोन्ही वेळचं पाणी मिळालं का?
४. ओलीच्या सेन्सरची वायर काढा. पाणी वाढलं तर नाही ना?
५. ड्रम रिकामा करा. मोटर कोरडी न चालता थांबली का?

पाचही उत्तरं वहीत तारखेसह लिहा. पुढे प्रत्येक ग्राहकाकडे काम झालं की याच पाच चाचण्या त्याच्यासमोर करा आणि कागदावर त्याची सही घ्या. पहिल्या चाचणीला प्लग ग्राहकालाच काढायला सांगा. पाणी थांबलेलं त्याने स्वतः पाहिलं, की उरलेली रक्कम मागायची ती वेळ.

पुढच्या व्हिडिओत ईएसपीहोमची पूर्ण फाईल ओळीओळीने समजावते. तोवर सेन्सर मागवा आणि मोजायला लागा.